सातपूर : भोंगा, मिसळ आणि तीस सेकंद

नाशिकला जाताय? वायनरी, गोदाघाट, त्र्यंबक... सगळं करा. पण एक संध्याकाळ सातपूरसाठी राखून ठेवा. कारखान्यांच्या या गावात लेथ मशिनवर न होणारं एक ‘प्रॉडक्शन’ही चालतं!

सातपूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? एमआयडीसी. पत्र्याच्या शेड्स, कंपन्यांच्या पांढऱ्या बसेस, गेटवर आयकार्ड दाखवणारी गर्दी आणि त्र्यंबक रोडचं ट्रॅफिक. बरोबर? टूरिस्टच्या नकाशात हे गाव नाहीच. मुंबई-पुण्याहून वीकएन्डला आलेली मंडळी त्र्यंबकेश्वरच्या ओढीने इथून गाडी हाणतात आणि सिग्नलला थांबावं लागलं की वैतागतात. नाशिकमध्ये वाढलेल्यांचीही तीच गत. कॉलेज रोडच्या कॅफेत बसलेल्या एखाद्याला विचारा, ‘सातपूरला शेवटचा कधी गेलास?’ उत्तर येईल, ‘पप्पांच्या कंपनीत, फॅमिली डेला!’

पण खरं सांगू का, नाशिक आज जे काही आहे त्यात सातपूरचा वाटा मोठा आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झालं. त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या वसाहतींपैकी एक सातपूरची. त्याआधी नाशिक होतं तीर्थक्षेत्र. पंचवटी, गोदावरी आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थ. मग इथे मायको आली, महिंद्रा आली, सिएट आली. २००८ मध्ये मायकोचं कागदोपत्री नाव ‘बॉश’ झालं, पण नाशिककर रिक्षावाल्याला आजही ‘मायको सर्कल’च सांगतात. २००२ मध्ये रस्त्यावर आलेली पहिली स्कॉर्पिओ आठवतेय? ती नाशिकच्या कारखान्यातली. तुमच्या बॉसने जिच्यासाठी तेव्हा कर्ज काढलं, तिचे नटबोल्ट इथल्याच कुणाच्या तरी काकांनी आवळलेले!

सातपूरची स्वतःची नगरपालिकाही होती. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका झाली आणि ती त्यात विलीन झाली. तरी ‘गावात जाऊन येतो’ असं सातपूरकर म्हणाला, तर तो नाशिकच्या मेन रोडला चाललाय की सातपूर गावातल्या मारुतीला, हे तुम्हाला पुढच्या वाक्यावरूनच कळतं.

शिफ्ट सुटली की...

इथलं घड्याळ तीन तुकड्यांत चालतं. फर्स्ट, सेकंड, थर्ड. घरातल्या जेवणाच्या वेळा, पोरांचे क्लास, लग्नाच्या बोलण्या, एवढंच काय, नवरा-बायकोची भांडणंसुद्धा शिफ्ट बघून होतात. दुपारी फर्स्ट शिफ्ट सुटते. सायकली गेल्या, बाइक आल्या, पण गर्दी तीच. चहाच्या टपऱ्यांवर कटिंगचे ग्लास खणखणतात. आणि ऊन जरा उतरलं, की अशोकनगर, श्रमिकनगर, सातपूर कॉलनी अशा वस्त्यांमधल्या मोकळ्या जागांवर पोरं जमायला लागतात. काही बॅट घेऊन. काही मात्र रिकाम्या हातांनी. त्या रिकाम्या हातवाल्यांच्या मागे जा.

कारण आपला विषय तोच आहे. कबड्डी. आणि कबड्डीतलंही सगळ्यात ग्लॅमरस काम, चढाई!

नाशिकच्या पोरांकडे आता त्यासाठी स्वतःचा हीरोही आहे. आकाश शिंदे. प्रो कबड्डीत तेव्हा पुणेरी पलटणकडून चढाया करणारा हा नाशिककर २०२३ च्या हांगझाऊ एशियाडमध्ये भारतीय संघात होता. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताने फायनलमध्ये इराणला ३३-२९ असं हरवलं. तीच ती मॅच, जिच्यात शेवटच्या मिनिटांत नियमावरून असा गोंधळ झाला, की खेळ तासभर थांबला! २०१८ मध्ये इराणनेच सेमीफायनलमध्ये हिसकावलेलं सोनं परत आलं आणि त्या संघातल्या एकाचा पत्ता नाशिकचा निघाला. एकाच टोल नाक्याच्या पलीकडून कुणी गोल्ड मेडल घेऊन येतं, तेव्हा सातपूरच्या पोराला ‘मीही’ म्हणायला फार वेळ लागत नाही.

ती अठ्ठावीसची रात्र

मैदानावर गप्पा मारायला बसलात की ‘बेस्ट मॅच कुठली?’ हा वाद हमखास निघतो. एक नाव दरवेळी येतंच. रिशांक देवाडिगा. सांताक्रूझचा पोरगा. २०१५ मध्ये यू मुंबाने प्रो कबड्डीचं विजेतेपद मिळवलं तेव्हा तो त्या संघात होता. २०१७ च्या पाचव्या मोसमात तो यूपी योद्धाकडे गेला. आणि जयपूर पिंक पँथर्सविरुद्धच्या एका मॅचमध्ये त्याने एकट्याने चढाईत २८ गुण घेतले. यूपीने मॅच जिंकली ५३-३२.

आकडा नीट बघा. समोरच्या पूर्ण टीमचे मिळून ३२ आणि या एकट्याचे २८! स्वतःच्या टीमच्या एकूण गुणांपैकी निम्म्याहून जास्त याच्या नावावर. ज्या खेळात एका मॅचमध्ये चढाईचे दहा गुण झाले की ‘सुपर टेन’ म्हणून स्क्रीनवर आतषबाजी होते, त्या खेळात हा माणूस जवळपास तीन सुपर टेन एकाच रात्री करून गेला. तेव्हाचा तो विक्रम होता. त्याच मोसमात तो मोडलाही. पाटणा पायरेट्सच्या परदीप नरवालने हरियाणा स्टीलर्सविरुद्ध ३४ केले. त्यातल्या एकाच चढाईत सहा जणांना बाद करून आठ गुण! पुढे २०१९ मध्ये बेंगळुरू बुल्सच्या पवन सेहरावतने हरियाणाविरुद्धच ३९ पर्यंत मजल मारली. म्हणजे आकडा जुना झाला. पण मराठी पोरांच्या बोलण्यात अजून २८ च आहे. आपलं माणूस म्हटल्यावर हिशेब वेगळा असतो ना!

आणि नुसता आकडा नव्हे. काही महिन्यांतच, जानेवारी २०१८ मध्ये, हैदराबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत रिशांकच्या कॅप्टनशिपखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ ने हरवलं. तब्बल अकरा वर्षांनी विजेतेपद घरी आलं. कबड्डी आपल्याच मातीतली म्हणायचं आणि कप दुसऱ्यांनी न्यायचा, हे एका तपाचं दुखणं तेव्हा जरा हलकं झालं.

तीस सेकंदांत काय काय?

ऑफिसातल्या लिफ्टची वाट बघण्यात आपले तीस सेकंद सहज जातात. चढाईला तेवढीच वेळ मिळते. पुरुषांचं मॅट १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. म्हणजे समोरच्यांचा अर्धा भाग साडेसहा मीटरचा. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा. ती ओलांडली नाही तर चढाईपटू बाद. त्याच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. म्हणजे बोनस घ्यायचा, तर शेवटच्या रेषेपासून जेमतेम पावणेदोन मीटर अंतरावर एक पाय टेकवायचा, दुसरा हवेत ठेवायचा आणि सात जणांच्या साखळीतून परत यायचं. बरं, हे सगळं ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत, एकाच दमात.

रिशांकची खासियत हा बोनस. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच तो मिळतो. त्यामुळे बोनस घेणाऱ्याला नेहमी भरलेल्या घरातच शिरावं लागतं. तो काय करतो ते टीव्हीवर रिप्ले लावून बघा. आधी कोपरारक्षकाकडे असा काही झुकतो, की तो बिचारा अर्धं पाऊल मागे घेतो. तेवढ्या अर्ध्या पावलात याचा पाय रेषेपलीकडे. कोपरारक्षक चिडून पुढे आला, की त्यालाच हात लावून पसार! म्हणजे पहिल्यांदा बोनसची भीती दाखवायची आणि त्या भीतीवर दुसरा गुण कमवायचा. आपल्याकडे यालाच ‘मार्केटिंग’ म्हणतात.

बाकी हत्यारं म्हणाल तर पळता पळता लावलेला हात, पायाच्या अंगठ्याचा ‘टो टच’, पाठमोरं होऊन मारलेली ‘बॅक किक’ आणि परदीपने फेमस केलेली ‘डुबकी’, म्हणजे साखळीच्या हाताखालून वाकून निसटणं. उंच असाल तर हात लांब पडतो. बुटके असाल तर डुबकी सोपी. वजन असेल तर ओढत आणता येतं. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई आठवा. २०१८ च्या मोसमात यू मुंबाकडून पदार्पणातच त्याने चढाईचे २१८ गुण केले. दोघा-तिघांना अंगावर घेऊन मध्यरेषा गाठायचा. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके त्याच्या आधीचा, २०१५ च्या मोसमातला सर्वोत्तम चढाईपटू. तिघं तीन स्टाइलचे. जिममध्ये जाऊन ‘सिक्स पॅक’ काढणाऱ्यांनी बघावं, एकाच कामाला किती प्रकारची शरीरं चालतात ते!

एनबीए आणि चॉकलेटचं गाव

तुमच्यातल्या एनबीए फॅन्सना एव्हाना एक तारीख आठवली असेल. २२ जानेवारी २००६. लॉस एंजेलिस लेकर्सच्या कोबी ब्रायंटने टोरँटो रॅप्टर्सविरुद्ध ८१ पॉइंट्स केले. हाफटाइमला त्याचे २६ होते आणि टीम १४ ने मागे. उरलेल्या अर्ध्या वेळात त्याने ५५ ठोकले. त्या दिवशी त्याच्या वर फक्त विल्ट चेंबरलेनचे १०० होते.

मैदानावरच्या पोरांना मी हे सांगितलं तेव्हा एकाने लगेच विचारलं, ‘ताई, चुकले किती?’ प्रश्न एकदम करेक्ट! कोबीने फ्री थ्रो सोडून ४६ शॉट मारले, २८ बास्केटमध्ये गेले, १८ चुकले. चुकल्यावर काय झालं? काही नाही. तो कोर्टवरच राहिला, पुढचा शॉट मारायला. कबड्डीत चूक झाली, पकड बसली, की चढाईपटू थेट बाहेर. बाकावर बसून वाट बघायची. एखादा साथीदार समोरच्याला बाद करेल तेव्हाच परत आत. म्हणजे २८ गुणांचा खरा अर्थ असा, की इतक्या वेळा सात जणांच्या तोंडात जाऊन हा माणूस बाहेर फारसा बसलाच नाही. ८१ मोठे की २८, हा वाद मग बाजूलाच पडतो. दोन्हीकडे एकच गोष्ट बघायची. समोरच्याला माहीत असतं, बॉल कुणाकडे जाणार, चढाईला कोण येणार. तरी त्याला थांबवता येत नाही!

आणि विल्टच्या त्या शंभरची गंमत तर खास सातपूरकरांसाठी आहे. २ मार्च १९६२. फिलाडेल्फिया वॉरियर्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स. पण मॅच ना फिलाडेल्फियात ना न्यूयॉर्कमध्ये. ती झाली पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी नावाच्या गावात. हर्शी म्हणजे तेच, चॉकलेटवालं! कारखान्याच्या मालकाने वसवलेलं गाव, आणि मैदानही त्यानेच १९३६ मध्ये बांधून घेतलेलं, मंदीच्या काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. त्या रात्री प्रेक्षक होते ४,१२४. टीव्हीचं चित्रीकरण नाही. एवढा मोठा विक्रम, आणि पुरावा म्हणून रेडिओचं थोडं ध्वनिमुद्रण आणि विल्टच्या हातात ‘१००’ लिहिलेला कागद असलेला एक फोटो.

जगातला सगळ्यात गाजलेला बास्केटबॉलचा आकडा एका कारखान्याच्या गावात, कारखान्याने बांधलेल्या छपराखाली लागला. आणि त्याच वर्षी, पाच महिन्यांनी, आपल्याकडे एमआयडीसी जन्माला आली. योगायोगच. पण विचार करण्यासारखा. गाव वसवताना शेड, रस्ता, पाणी, वीज यांचा प्लॅन होतो. मैदानाचा होतो का?

नोकरी की निदानरेषा?

हा प्रश्न हवेतला नाही. महाराष्ट्रातली कबड्डी वर्षानुवर्षं जगली ती नोकरीवर. रेल्वे, बँका, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्रा... या सगळ्यांचे संघ मुंबईच्या व्यावसायिक कबड्डीत गाजले. व्यवहार साधा होता. पोराने चांगली चढाई करायची, कंपनीने त्याला कामावर घ्यायचं. गुडघा गेला तरी पगार चालू. म्हणून आईबाप ‘जा खेळायला’ म्हणायचे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि हिशेब बदलला. २०१९ च्या लिलावात सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना घेतलं. आकडा ऐकून प्रत्येक गल्लीत एक सिद्धार्थ तयार झाला. पण लिलावात संघ मोजके, जागा मोजक्या आणि करार मोसमापुरता. दुसरीकडे कारखान्यांमध्ये कायम नोकरी कमी होत गेली, कंत्राटी वाढली. खेळाडू म्हणून कायम होण्याची वाट अरुंद झाली. म्हणजे वरची शिडी उंच झाली आणि खालचं जाळं विरळ.

मैदानावर भेटलेला एक पोरगा एकोणीस वर्षांचा. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड, शेवटचं वर्ष. उजव्या बाजूने चढाई करतो. टो टच इतका चपळ, की समोरच्याला आधी बाद झाल्याचं कळतं आणि मग पाय दिसतो. त्याला एका कंपनीतून अप्रेंटिसशिपचं बोलावणं आलंय. शिफ्ट फिरती. म्हणजे दोन आठवडे संध्याकाळ मोकळी, पुढचा आठवडा नाही. आणि जिल्हा निवड चाचणी तोंडावर.

‘आई काय म्हणते?’ मी विचारलं.

‘आई म्हणते, आधी हजेरी, मग कबड्डी. पप्पा कंत्राटातच रिटायर झाले ना, ताई. तिला भीती वाटते.’

शेजारी उभे असलेले त्यांचे सर स्वतः एकेकाळी खेळलेले, आता एका कारखान्यात सुपरवायझर. फर्स्ट शिफ्ट करून, डबा सायकलच्या, नव्हे आता स्कूटरच्या हुकला अडकवून थेट मैदानावर येतात. फी घेत नाहीत. ते म्हणाले, ‘मी त्याला नोकरी सोड म्हणणार नाही. माझ्या तोंडात ते शोभणार नाही. पण सहा महिने चढाई सुटली, की पाय जड होतात, हेही मला माहितीय. मी त्याच्या सुपरवायझरला भेटणार आहे. शिफ्टची अदलाबदल होते का बघतो.’

हे एवढंच. कुठलीही स्कीम नाही, स्पॉन्सर नाही. एका सुपरवायझरने दुसऱ्या सुपरवायझरला चहा पाजायचा आणि एका पोराची संध्याकाळ सोडवून आणायची. अहो, हीच सातपूरची क्रीडा प्रबोधिनी!

मैदानही तसंच. मॅट नाहीच. माती, तीही पाणी मारून, खडे वेचून तयार केलेली. रेषा चुन्याच्या. राज्य स्तरावर मॅटवर, बूट घालून खेळायचं असतं आणि मातीत घडलेला पाय तिथे पहिल्या दोन मॅच चाचपडतो. हे त्यांना ठाऊक आहे. तरी रोज चुना पडतो. रविवारी एखाद्याचे काका रेफ्री होतात, शिट्टी वाजते आणि थर्ड शिफ्टला जाणारी मंडळी डबा हातात घेऊन कंपाउंडपाशी थांबतात. दोन चढाया बघतात. घड्याळ बघतात. अजून एक बघतात. मग पळतात!

तुम्ही म्हणाल, यात ‘डेस्टिनेशन’ काय? मला विचाराल, तर हेच. वाइन टेस्टिंगला पाच-पन्नास फोटो निघतात. इथे एकही निघत नाही, कारण मोबाइल खिशातून काढेपर्यंत चढाई संपलेली असते. आपण मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये ‘रिस्क टेकिंग’वर स्लाइड्स बघतो ना? इथे ती रिस्क अनवाणी, मातीत, एका दमात बघायला मिळते. तिकीट नाही, पार्किंग फुकट. पुढच्या वेळी त्र्यंबकहून परतताना सिग्नलला वैतागू नका. गाडी डावी-उजवीकडे कुठेही वळवा आणि ‘कबड्डी कबड्डी’ कुठून ऐकू येतंय ते बघा. टाळ्या वाजवायला मात्र लाजू नका. त्या पोरांच्या घरी त्या टाळ्यांचा हिशेब सांगितला जातो.

कसं जाल, काय खाल?

अंतर : नाशिकच्या सीबीएसहून त्र्यंबक रोडने सातपूर सात-आठ किलोमीटर. रिक्षा आहेतच. २०२१ पासून सुरू झालेली महापालिकेची सिटीलिंक बसही आहे.

केव्हा : ऊन उतरल्यावर, संध्याकाळी. पावसाळ्यात मातीचा खेळ बंद, तेव्हा दिवाळीनंतरचे महिने बेस्ट. पौष महिन्यात आलात तर संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबककडे निघालेल्या दिंड्याही रस्त्यात भेटतील.

पोटोबा : सकाळी आलात तर सातपूरची श्यामसुंदरची मिसळ चुकवू नका. काळ्या मसाल्याचा रस्सा, झणझणीत. गंगापूर-सातपूर लिंक रोडच्या बाजूला गेलात तर साधनाची चुलीवरची मिसळ. दोन्हीकडे रांग असते, शिफ्टसारखा वेळ पाळा.

जोडून : पांडवलेणी, सोमेश्वरचा धबधबा, अंजनेरी. तिन्ही एका दिवसात करू नका, पायांची पार वाट लागेल.

आणि हो : मैदानावर बूट घालून आत जाऊ नका. रेषा आत्ताच आखलेल्या असतात!